चिलकूटची वाट: आधी कागद, मग खिंड

चिलकूट खिंडीची उंची 1,074 मीटर. आपला तोरणा तिच्यापेक्षा सव्वातीनशे मीटरने उंच आहे. तरीही अलास्कातल्या डायीपासून कॅनडातल्या बेनेटपर्यंतची ही 53 किलोमीटरची वाट चालायला आम्हाला पाच दिवस लागले आणि तिची आखणी करायला दहा महिने. पुण्यात बसून भारतीय पासपोर्टवर हा ट्रेक ठरवायचा तर मराठीत काहीच हाताशी नव्हतं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे.

आमचा ट्रेक ऑगस्ट 2019 चा. त्यानंतर 2020 आणि 2021 मध्ये साथीमुळे सीमा बंद होती, त्यामुळे डायी ते बेनेट सलग चालणं शक्य नव्हतं. पुढे पुरांनी अमेरिकेच्या बाजूचं बरंच नुकसान केलं. त्यामुळे एक रुपयाही भरण्याआधी पार्क्स कॅनडाला (कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांचं सरकारी खातं) दोन प्रश्न विचारा: या मोसमात पूर्ण वाट खुली आहे का, आणि चालत सीमा ओलांडू देतात का? दोन्हींना 'हो' आलं तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

ही वाट मुळात ट्लिंगिट या इथल्या आदिवासी लोकांची. किनाऱ्यावरचा माल खिंडीतून आतल्या मुलखात नेण्याचा व्यापार पिढ्यान् पिढ्या त्यांच्या हातात होता. ऑगस्ट 1896 मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात सोनं सापडलं, जुलै 1897 मध्ये 'पोर्टलंड' बोट ते सोनं घेऊन सिॲटलला लागली, आणि हजारो माणसं या वाटेवर लोटली. कॅनडाच्या माउंटेड पोलिसांनी खिंडीच्या माथ्यावर चौकी बसवली. वर्षभराचा शिधा आणि सामान, म्हणजे माणशी सुमारे एक टन ओझं, बरोबर नसेल तर पुढे सोडत नसत. पाठीवर एका वेळी पंचवीस-तीस किलोच जाणार, म्हणून एकच चढ माणसं तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळा चढली. अडवणूक वाटते खरी, पण पलीकडे शेकडो किलोमीटर विकत घ्यायला फारसं काही नव्हतं. या नियमाने कितीतरी माणसं उपासमारीतून वाचली. आजही खिंड ओलांडायची परवानगी लागते, आणि सगळी आखणी तिच्याभोवतीच फिरते.

2019 मध्ये दिवसाला जास्तीत जास्त 50 माणसांना खिंड ओलांडू देत होते. ही मर्यादा वाट सुरू करण्याच्या दिवसाला नव्हती, खिंड ओलांडण्याच्या दिवसाला होती. हे नीट समजून घ्या. आधी खिंडीची तारीख मिळवायची आणि मग तिथून मागे-पुढे मोजत मुक्काम, बस, विमान, आगगाडी बसवायची. आम्ही आधी विमानाची तिकिटं बघत बसलो आणि त्यात दोन आठवडे वाया गेले.

त्याच्याही आधी व्हिसा. वाट अमेरिकेत सुरू होते आणि कॅनडात संपते, त्यामुळे दोन्ही देशांचा व्हिसा लागतो. आम्ही ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेच्या बी-1/बी-2, म्हणजे पर्यटक व्हिसाचा अर्ज भरला. तेव्हा फी 160 डॉलर होती. मुंबईतली मुलाखत नोव्हेंबरअखेर झाली. 'कशासाठी जाताय' याला 'ट्रेकिंगसाठी, पाच दिवस, अलास्का' एवढं सरळ उत्तर पुरलं. कॅनडाचा अर्ज आम्ही मुद्दाम नंतर, फेब्रुवारीत केला. 100 कॅनेडियन डॉलर फी, वर बोटांचे ठसे आणि फोटोचे 85. तोवर खिंडीचं आरक्षण हातात आलं होतं. त्याची पावती, दिवसवार मुक्कामांचा तक्ता आणि परतीचा बेत जोडला. साडेचार आठवड्यांत व्हिसा आला. व्हिसावर 'मल्टिपल' आहे ना, ते पासपोर्ट हातात येताच बघा. या ट्रेकमध्ये तुम्ही कॅनडात दोनदा शिरता: एकदा विमानाने आणि एकदा खिंडीतून पायी.

आरक्षण तेव्हा फोनवर होत होतं. पार्क्स कॅनडाचं व्हाइटहॉर्स या कॅनडातल्या शहरातलं कार्यालय सकाळी आठला उघडलं की हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असायचे. पहिल्या रात्री लाइनच लागली नाही, दुसऱ्या रात्री चाळीस मिनिटं थांबल्यावर लागली. आरक्षण करण्यापूर्वी कागदावर तीन पर्याय लिहून ठेवा: खिंडीची पसंतीची तारीख, तिच्या मागची-पुढची तारीख, आणि प्रत्येक पर्यायासाठी रोजच्या मुक्कामाचं नाव. फोनवर पलीकडून विचारायचे ते एवढंच, पण एकेका रात्रीचं विचारायचे, आणि तिथे अडखळलं तर जागा जायची. एकदा ठरलेला मुक्काम वाटेत बदलता येत नाही. दोघांचे परवाना आणि आरक्षण मिळून सुमारे सव्वाशे कॅनेडियन डॉलर झाले.

तारीख कुठली घ्यावी? जुलैच्या मध्यापर्यंत शीप कॅम्प (खिंडीच्या अलीकडचा मुक्काम) ते हॅपी कॅम्प (पलीकडचा) या पट्ट्यात बर्फ खूप असतो आणि वरच्या उतारांवरून हिमकडे कोसळण्याची भीती असते. सप्टेंबर लागला की हवा बिघडते. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला बर्फावर चालायची सवय नसते, त्यामुळे जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य हाच काळ धरावा. सगळ्यांची धाव त्यावरच असते, म्हणून आरक्षण लवकर करायचं. आम्हाला 14 ऑगस्ट मिळाली.

मुक्कामांचा हिशेब असा बसला. पहिला दिवस डायी ते कॅनियन सिटी, साडेबारा किलोमीटर. दुसरा तिथून शीप कॅम्प, जेमतेम साडेसहा. तिसरा दिवस खिंडीचा, शीप कॅम्प ते हॅपी कॅम्प, 14 किलोमीटर. चौथा हॅपी कॅम्प ते बेअर लून लेक, साधारण तेवढाच. पाचव्या दिवशी उरलेले साडेसहा किलोमीटर चालून बेनेट. दुसरा दिवस इतका छोटा का, असं कोणीही विचारेल. पाय ताजे ठेवून खिंडीच्या पायथ्याशी पोहोचायचं, हे त्याचं कारण. चार दिवसांत उरकणारे दुसरा दिवस गाळून थेट शीप कॅम्प गाठतात. दुसऱ्या सकाळी सात ते दहा तासांची, कधी त्याहून जास्त चाल समोर असते, आणि आदल्या दिवशीच्या एकोणीस किलोमीटरचा शीण तेव्हा बाहेर येतो. बेअर लूनचा मुक्कामही असाच विचार करून घेतला. बेनेटहून आगगाडी दिवसात एकदाच होती, ती चुकली तर तिथून बाहेर पडायला रस्ता नाही.

ही गाडी म्हणजे व्हाइट पास अँड युकॉन रूट. 1898 मध्ये काम सुरू झालं आणि 1900 च्या जुलैमध्ये व्हाइटहॉर्सपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. या रेल्वेने चिलकूटच्या वाटेची गरजच संपवली. 2019 मध्ये बेनेटहून ती रोज सुटत नव्हती, म्हणून गाडी असेल तर खिंडीची तारीख पक्की झाल्याच्या आठवड्यातच तिकीट काढा. आरक्षणाला पासपोर्टचा नंबर लागला. आणखी एक गोष्ट: तिकिटावरची वेळ अलास्काची की कॅनडाची, हे विचारून घ्या. दोन्हींत एक तासाचा फरक आहे आणि वाटेवर घड्याळ बदलायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. पैसे वाचवण्यासाठी रुळांवरून चालत रस्ता गाठायचा विचारही करू नका. ती रेल्वेची खासगी हद्द आहे, तिथे शिरणं बेकायदा आहे.

विम्याबद्दल थोडं. नेहमीच्या प्रवास विम्यात ट्रेकिंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं. वाटेवर मोबाइल चालत नाही, आणि पाय मोडला तर हेलिकॉप्टरशिवाय गत्यंतर नाही. पॉलिसीत 'ट्रेकिंग' आणि 'दुर्गम भागातून सुटका' हे शब्द आहेत का, आणि दोन्ही देश धरले आहेत का, ते अक्षरशः बोट ठेवून वाचा.

तयारी जून-जुलैच्या पावसात केली, आणि तीच उपयोगी पडली. चिलकूटचा पहिला निम्मा भाग समशीतोष्ण वर्षावनातून जातो. निसरडी मुळं, चिखल, ओले दगड. राजगड-तोरणा पाठीवर पंधरा किलो घेऊन, भर पावसात, दर आठवड्याला केला. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भरल्या. तांदळाचं पोतं वापरू नका, ओलं झालं की पाठ सोलते.

ऑगस्टमध्येही खिंडीत तापमान पाच अंशांच्या आसपास येतं आणि वर पाऊस-वारा. खरा धोका थंडीपेक्षा ओल्या थंडीचा. सुती कपडा एकही घेऊ नका, मोजेसुद्धा नाहीत. पोंचो वाऱ्यात तोंडावर येतो, त्यामुळे इथे पावसाळी जाकीट आणि पँटच हवी. झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी सॅकच्या आत. सॅकवरच्या पावसाळी खोळीवर भिस्त ठेवू नका, पाठीकडून पाणी शिरतंच.

खाण्याचा हिशेब माणशी दिवसाला साडेसहाशे ग्रॅम, अधिक एक दिवस जादा. पुण्याहून भाजके पोहे, थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चिक्की नेली. तूप, दूध पावडर, लोणचं घरीच ठेवलं. तीन वेळा सीमेवर जाहीर करायचं आणि प्रत्येक वेळी अधिकाऱ्याला समजावायचं, त्यापेक्षा ओट्स, भात, सुकं बटाट्याचं पीठ व्हाइटहॉर्सला घेणं सोपं. जे नेलं त्याची इंग्रजी यादी छापून जवळ ठेवली आणि प्रत्येक फॉर्मवर खाद्यपदार्थांच्या रकान्यात 'हो' लिहिलं. व्हँकुव्हरला अधिकाऱ्याने भाजणीची पिशवी उघडून वास घेतला, यादीवर नजर टाकली आणि परत दिली.

गॅसचे डबे आणि अस्वलांना पळवायचा स्प्रे विमानात चालत नाहीत. दोन्ही 10 ऑगस्टला व्हाइटहॉर्समध्ये घेतले. दोघांना पाच दिवसांसाठी 230 ग्रॅमचा एक डबा पुरला, कारण सकाळी फक्त पाणी उकळायचो. स्प्रे तेव्हा सुमारे पन्नास कॅनेडियन डॉलरला पडला. बसमध्ये चढताना तो चालकाला दाखवा, तो सामानाच्या कप्प्यात ठेवायला सांगतो.

11 तारखेला बसने अलास्कातलं स्कॅगवे गाव. अमेरिकेच्या नाक्यावर सगळ्यांना उतरवतात. भारतीय पासपोर्टवर जमिनीवरून शिरताना आय-94 चा, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीचा परवाना घ्यावा लागतो, त्याचे तेव्हा 6 डॉलर. रांगेत अर्धा तास गेला आणि बस थांबून राहिली. चालकाला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे जिवाला घोर लागला नाही. स्कॅगवे उन्हाळ्यात क्रूझच्या प्रवाशांनी भरलेलं असतं. एका रात्रीची खोली आमच्या सगळ्या खर्चात विमानानंतरची सर्वांत महाग बाब ठरली. तंबू बरोबर आहेच, गावातल्या कॅम्पग्राउंडला आधी विचारा.

दुपारी ट्रेल सेंटरमध्ये परवाना घेतला. तिथे पासपोर्ट बघतात, अस्वलांच्या मुलखात कसं वागायचं ते समजावतात, वाटेची ताजी अवस्था सांगतात. परवान्याचा कागद सॅकला बाहेरून अडकवायचा असतो, दोन्ही देशांचे रेंजर तो तपासतात. शीप कॅम्पच्या वर बर्फ कुठे उरला आहे, हे इथेच विचारून नकाशावर पेन्सिलीने मांडून घ्या. आमच्या वेळी माथ्यापलीकडे चार-पाच बर्फपट्टे होते.

डायी स्कॅगवेपासून पंधरा किलोमीटरवर. टॅक्सीला माणशी पंधरा-वीस डॉलर पडले. एके काळी हजारोंचं गाव होतं, आज तिथे भरतीच्या चिखलात धक्क्याच्या लाकडी खांबांचे बुडखे एका रांगेत उभे आहेत, आणि झाडीत एका कचेरीची फक्त दर्शनी भिंत टेकू देऊन ठेवली आहे. वाट सुरू करण्याआधी अर्धा तास काढून 'स्लाइड सिमेटरी' ही दफनभूमी बघा. 3 एप्रिल 1898 ला, पाम संडेच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) दिवशी, शीप कॅम्पच्या वर हिमकडा कोसळला आणि साठाहून अधिक माणसं गेली. त्यांतले कितीतरी जण इथे आहेत. फळ्यांवर नावं आणि तीच एक तारीख, ओळीने. दोन दिवसांनी त्याच उतारांखालून जाताना रेंजरचं 'लवकर निघा' हे सांगणं वेगळं ऐकू येतं.

वाट सुरू होताच चढ येतो, तोही खडा. पहिल्या पंधरा मिनिटांत जाकीट काढा, नाहीतर आतून घामाने भिजाल आणि मग दिवसभर ओलेच राहाल. पुढे टाया नदीच्या कडेने सपाटी. फिनेगन्स पॉइंटच्या आसपास बीव्हरांनी बांध घालून वाटेवर पाणी आणलं होतं, फळ्यांचा पूल टाचेएवढ्या पाण्याखाली होता. कॅनियन सिटीला तंबू लावून रिकाम्या हाताने झुलता पूल ओलांडा आणि जुन्या गावाच्या जागी जा. 1898 मध्ये तारांवरून सामान खिंडीवर नेणारा रोपवे इथून चालायचा, त्याचा बॉयलर अजून झाडांमध्ये पडून आहे. वाटेवरची कुठलीही वस्तू, गंजका खिळासुद्धा, उचलणं गुन्हा आहे.

प्रत्येक मुक्कामी अन्नासाठी लोखंडी पेट्या आहेत. अन्नाबरोबर टूथपेस्ट, साबण, ओठांचं मलम, कचरा आणि रिकामी भांडीही त्यातच. स्वयंपाक ठरलेल्या जागीच, तंबूत चहाही नाही. शेकोटीला बंदी आहे. पाणी उकळून किंवा गाळूनच प्या.

शीप कॅम्पला संध्याकाळी रेंजर सगळ्यांना जमवून दुसऱ्या दिवसाबद्दल सांगतो. ते चुकवू नका. आम्ही पहाटे पाचला उठलो, सहाला निघालो. साडेसात किलोमीटरमध्ये सुमारे साडेसातशे मीटर चढ. झाडी संपते, दगडांचा मुलूख सुरू होतो, आणि 'स्केल्स' येतं. इथे हमाल ओझी पुन्हा तोलून दर वाढवत, म्हणून हे नाव. जमिनीवर जाड तारा, चाकं, दगडांत रुतलेला एका बुटाचा चामडी तळ. तळाला खिळ्यांची रांग अजून शाबूत होती, टाचेकडची झिजलेली.

स्केल्सपासून वर 'गोल्डन स्टेअर्स'. हिवाळ्यात इथे बर्फात 1,500 पायऱ्या खोदल्या होत्या. उन्हाळ्यात त्या जागी नुसते मोठाले धोंडे, पंचेचाळीस अंशांत रचलेले. काठ्या इथे मिटवून सॅकला बांधा, दोन्ही हात मोकळे हवेत. सॅकचा कमरपट्टा घट्ट आणि खांद्यांचे पट्टेही घट्ट, कारण ओझं मागे झुकलं की माणूस मागे जातो. धोंड्यावर पूर्ण भार देण्याआधी पायाने दाबून बघा. ओल्या शेवाळाचे काळे दगड टाळा, खरबरीत करड्या दगडांवर पाय धरतो. दोघांनी एकाखाली एक चढू नका, तिरके राहा, वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खाली येतो. धुक्यात आम्हाला वाटेच्या खुणांच्या नारिंगी काठ्यांपैकी एका वेळी एकच दिसत होती. एक दिसली की थांबायचं, पुढची दिसेपर्यंत हलायचं नाही. माथा आला असं दोनदा वाटतं, आणि दोन्हीदा तो नसतो. उलट्या दिशेने, बेनेटहून डायीला का जाऊ नये, याचं उत्तर इथे मिळतं. हे धोंडे पाठीवर ओझं घेऊन उतरणं चढण्यापेक्षा फार धोक्याचं आहे.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. पलीकडे लगेच कॅनडाच्या बाजूचा छोटा निवारा. आत उभं राहून कोरडा सदरा चढवला, चिक्की खाल्ली, गरम पाणी प्यालो. अंग थरथरत होतं आणि बोटांना चेन लागत नव्हती, म्हणून आधी सदरा आणि मग खाणं, हा क्रम लक्षात ठेवा. इथे पासपोर्टवर शिक्का मारायला कोणी नसतं. कॅनडात शिरल्याची नोंद वाट संपल्यावर स्वतः जाऊन करायची.

माथ्यानंतर दिवस संपला असं समजू नका. हॅपी कॅम्प अजून साडेसहा किलोमीटर, क्रेटर लेकच्या कडेने, दगड आणि उरलेल्या बर्फपट्ट्यांवरून. बर्फाच्या कडेला, जिथे तो दगडाला टेकतो, तिथे खालून पोकळ असतो. मधून चाला, कडेवर मोठं पाऊल टाका. आम्ही साडेतीनला पोहोचलो. साडेनऊ तास.

चौथ्या दिवशी पाऊस थांबला आणि आजूबाजूचा देखावा बदलला. पर्वतांच्या पलीकडचा कोरडा मुलूख, ठेंगणी झाडं, निळी-हिरवी सरोवरं. वाटेवरच्या लिंडमन सरोवरापाशी 1898 च्या हिवाळ्यात तंबूंचं शहर होतं. माणसं झाडं कापून होड्या बांधत बर्फ वितळायची वाट बघत होती. 29 मे 1898 ला बर्फ फुटला आणि काही दिवसांत सात हजारांवर होड्या डॉसनकडे, क्लोंडाइकच्या सोन्याजवळच्या शहराकडे निघाल्या. त्यांतल्या बहुतेकांना तिथे पोहोचल्यावर कळलं, की सोन्याचे चांगले पट्टे दोन वर्षांपूर्वीच घेतले गेले होते.

शेवटचे साडेसहा किलोमीटर सोपे, पण बेनेटजवळ वाळू लागते आणि वेग निम्मा होतो. तासभर जास्त धरा. टेकडावर 1899 चं लाकडी चर्च आहे, वाळूत तंबूंच्या जागा अजून दिसतात. गाडीत तेव्हा ट्रेकर्सना वेगळा डबा द्यायचे.

आम्ही फ्रेझरला उतरलो, कारण कॅनडाचा नाका तिथे आहे. अधिकाऱ्याने परवाना, पासपोर्ट, खाद्यपदार्थांची यादी मागितली, कुठल्या तारखेला माथा ओलांडला ते विचारलं. शिक्का मागून घ्या. अमेरिकेतून पायी बाहेर पडताना कोणी नोंद करत नाही, आणि मुदतीत बाहेर पडल्याचा तुमच्याकडचा पुरावा तोच. शिक्का, परवाना आणि गाडीचं तिकीट यांचे फोटो काढून मी पुढच्या व्हिसाच्या कागदांत ठेवले आहेत. उरलेला अर्धा गॅस आणि न वापरलेला स्प्रे व्हाइटहॉर्सच्या हॉस्टेलमध्ये ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या दोघांनी ते लगेच उचलले.